सरांच्या डोक्याचा कौल

विश्वातला प्रत्येक कण विचारल्यावर उत्तर देतोच, असं दत्तप्रसाद सर डिचोलीच्या उच्च माध्यमिकात अठरा वर्षं छातीठोकपणे शिकवत आले. महिनाभर डोकं दुखलं आणि डॉक्टरांनी त्यांच्याच डोक्यातल्या कणांना विचारायचं ठरवलं, म्हणजे एमआरआय लिहून दिला, तेव्हा सरांना न विचारलेलंच बरं वाटू लागलं.

यंत्र कळत होतं म्हणून भीती जास्त. डोक्यातल्या पाण्यात हायड्रोजन, त्याच्या पोटात प्रोटॉन. त्याला स्पिन असतो. भोवऱ्यासारखा तो फिरत नाही, पण बारीक चुंबकासारखा वागतो, आणि कुठल्याही दिशेने विचारा, उत्तरं दोनच: वर नाहीतर खाली. मधलं काही नाही. सरांना नेमकं मधलंच हवं होतं.

"माझ्या माहेरी, धारगळला, देवाला कौल लावूया," त्यांची बायको कमलाक्षी म्हणाली.

"मी फिजिक्सचा मास्तर आहे गो."

"म्हणून देव काय ओळख दाखवणार नाही?"

धारगळच्या देवळात विठू गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"डोकं साफ आहे ना?" सरांनी विचारलं. उजवी पडली. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कमलाक्षीने आपलं घुसवलं, "आणि एमआरआय करायचा ना?" पुन्हा उजवी.

सरांना राहवेना. "डोकं साफ आहे ना?"

डावी पडली.

"मिळालेला कौल परत विचारतात?" विठू खेकसला. "देवाची परीक्षा घेताय, मास्तर?"

हे सरांच्याच नोट्समध्ये होतं. प्रोटॉनकडून वर-खालीचं उत्तर मिळाल्यावर त्याला आडव्या दिशेने विचारलं, की पहिलं उत्तर पुसलं जातं. परत वर-खालीचं विचारा, निम्म्या वेळा उलटं येतं. परीक्षेत हे दोन मार्कांना यायचं.

"तुझ्या आडव्या प्रश्नानं झालं हे," ते पुटपुटले.

"होय, सगळं माझ्यामुळंच. लग्नसुद्धा."

दोन दिवसांनी सर एमआरआयच्या नळीत आडवे पडले. यंत्र कानाशी धडधडत होतं. कोट्यवधी प्रोटॉन आपल्याविरुद्ध साक्ष देताहेत आणि आपल्याला उलटतपासणी घेता येत नाही, असं वाटून त्यांचे दात वाजू लागले.

"काका, थरथरू नका," यंत्रावरची सायली स्पीकरवरून ओरडली. "फोटो हलतोय. परत घ्यावा लागेल."

"परत नको!" सर किंचाळले. "परत विचारू नका!"

तिने परत घेतला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मेंदू ठीक, सायनस सुजलेले. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा वाफ घ्यायला सांगितलं.