डेल्फिनची माळ

डेल्फिनला पुरून महिना झाला, तरी दुपारी तीन वाजले की गोराईच्या तिच्या घरात जपमाळेचे मणी वाजायचे. टिक. जरा थांबून, टिक. देवाच्या आल्तारपुढचा तिचा पाट रिकामा. माळ तर तिच्या बोटांत गुंडाळूनच शवपेटीत ठेवली होती.

"उंदीर असेल," फादर बर्नार्ड बहिणीला म्हणाला. आईच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तो आला होता. एकोणीस वर्षं तो सेमिनरीत पाद्री होणाऱ्या पोरांना तत्त्वज्ञान शिकवत होता. देव आहे हे फळ्यावर सिद्ध करून द्यायचा. त्या देवापुढे पाच मिनिटं गप्प बसणं मात्र त्याला कधी जमलं नाही.

"उंदीर रोझरी म्हणतो का रे?" क्लॅरिस म्हणाली. "तुझ्यामुळे आहे हे."

तिनं सांगितलं ते त्याला आठवतही नव्हतं, आणि सगळ्यात वाईट तेच. बोरिवलीला बोंबील विकून आई यायची, हात धुवायची आणि तासभर त्या पाटावर बसायची. ओठ हलायचे नाहीत. बर्नार्ड तेव्हा सेमिनरीतून सुट्टीला आलेला, चार पुस्तकं वाचून फुगलेला.

"आय, काय विचार करतेस?"

"काय नाय."

"मग मागतेस काय?"

"काय नाय रे. बसते."

विचार नाही, शब्द नाही, ही प्रार्थना नव्हे, डुलकी आहे, असं त्यानं सुनावलं. माळ तरी ओढ म्हणाला. पोरगा पाद्री होणार, त्याचा शब्द ती मोडते कशाला?

"मरेपर्यंत ओढली तिनं," क्लॅरिस म्हणाली. "मध्येच हात थांबायचा, चेहरा असा निवायचा. मग दचकायची, चोरी पकडल्यासारखी, नि पुन्हा सुरू. आता तूच तिला पुरे म्हण. माझं ऐकायची नाय. मी कुठे शिकलेली?"

टिक.

बर्नार्ड पाटाकडे वळून बोलू लागला, "आय, चूक माझी होती. संतांनीच लिहून ठेवलंय, बुद्धी माणसाला दारापर्यंत नेते, आत मात्र..."

मणी भरभर वाजू लागले. तो आणखी समजावू लागला, तसे आणखी भरभर. उत्तर चुकलेल्या पोरासारखे.

"लेक्चर नको देऊस रे तिला," क्लॅरिस म्हणाली. "बस जवळ."

तो पाटाशेजारी जमिनीवर बसला. तोंड मिटलं. अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत येत होता. मणी हळू झाले, लांब लांब पडू लागले, आणि थांबले. शेजारी कुणीतरी बसलंय आणि त्याला काही नको आहे, एवढंच उरलं. क्लॅरिसनं तोंडावर पदर धरला.

म्हणजे बुद्धी जिथे संपते तिथून ध्यान, असं बर्नार्डच्या डोक्यात सुरू झालं. सोमवारी वर्गात सांगायला उदाहरण बरं आहे.

टिक.