तरीवरच्या राखणदाराचा विडा

नलिनीने विड्याची पानं ओल्या फडक्याने पुसली आणि पाटावर एकेक मांडत गेली. प्रत्येकावर एक सुपारी. पहिलं पान ग्रामदेवतेचं, दुसरं नदीच्या घाटावरच्या राखणदार पुरुषाचं. तिसरं तिच्या हातातच राहिलं.

“वडाचं ठेवू?”

तिच्या नवऱ्याने, लवूने, पाळण्याची दोरी धरून ठेवली. परवाच तो गावाहून परतला होता. पुलाच्या भरावासाठी तरीवरचा, होडी लागते तिथला, वड तोडला होता, खालचा राखणदाराचा शेंदराचा दगडही मातीखाली गेला होता. हे त्याने फक्त नलिनीला सांगितलं होतं. संपात गिरणी गेल्यापासून बाबांच्या बोलण्यात दुसरं होतं काय? फक्त ती होडी आणि तो वड.

“ठेव गं. नाहीतर बाबा विचारतील. त्यांना सोसायचं नाही.”

तिने पान ठेवलं. घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या नलिनीने ते गाव पाहिलंच नव्हतं. पण कांजूरच्या या खोलीत, नातीला मांडीवर घेऊन सासरे रोज सांगत: होडीतून उतरलं की आधी वड, मग धर्मशाळा, मग कौलांची वखार. डोळे मिटून ती तिथे चालू शकली असती. यंदा मे महिन्यात जायचं ठरलंही होतं.

सासरे, काशीराम, पंचा सावरत पाटासमोर बसले. नातीचं हे देवापुढचं पहिलं गाऱ्हाणं. तिला गावच्या राखणदारांच्या पदरात घालायचं होतं. त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या चेडू तुझ्या पदरात घालतंय…”

“होय म्हाराजा,” लवू म्हणाला.

“बा घाटावरच्या म्हाराजा, पाण्यापासून हेची राखण कर…”

“होय म्हाराजा.”

काशीरामांचं बोट तिसऱ्या पानावर आलं आणि थांबलं. बाहेर नळावर कुणीतरी हंडा आपटला.

“हेका खंयसून बोलवू? तो आता बसता खंय?”

लवूने मान खाली घातली.

“बाबा… कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण सांगतलो? धर्मशाळा सांगलंस, बाजार सांगलंस, चुलत्याची म्हस सुद्धा सांगलंस. वडाचा नाव नाय काढलंस.”

“वाटलं, तुम्हाला त्रास होईल.”

“माझ्यापासून लपव रे. पण तेची जागा गेली, आणि हय विडो मांडून तेका फसवतंस?”

“पान मी मांडलं, बाबा,” नलिनी म्हणाली.

काशीराम गिरणीत लागायला निघाले तेव्हा त्यांच्या आईने त्याच वडाखाली त्यांचं गाऱ्हाणं घातलं होतं. होडी वळेपर्यंत ती तिथेच उभी होती. हे त्यांनी नलिनीला कितीदा सांगितलं होतं.

त्यांनी पान सुपारीसकट तळहातावर उचललं. स्टोव्ह, पाण्याचं पिंप, गुंडाळलेल्या गाद्या – नजर खोलीभर फिरली.

“मुंबयत माणसांक खोली गावना नाय,” ते हसल्यासारखे म्हणाले. “हेका खंय ठेवूचो?”

नलिनी उठली. पाळण्यावरच्या फळीवरून तिने दुधाच्या पावडरीचा डबा खाली घेतला, फळी पदराने पुसली.

“इथे, बाबा.”

काशीरामांनी पान फळीवर ठेवलं. हात जोडले.

“बा तरीवरच्या म्हाराजा… हय जरा अडचण आसा. सांभाळून घे. चेडवावर नजर ठेव.”

लवूचे ओठ हलले, आवाज आला नाही. पाळण्यात लेक चुळबुळली. नलिनीने तिच्या पोटावर हात ठेवला.

“होय म्हाराजा,” ती म्हणाली.