तपासणीपुरती जाळी

मला बोलता येतं हे कारखान्यात कुणाला सांगू नका. मी एक जाळी आहे. खिडकीची नव्हे, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनची. वरून दणका येतो तेव्हा कुणाचा हात खाली राहू नये, एवढ्यासाठीच माझा जन्म. पण इथे आल्यावर ते काम मला जेमतेम दोन दिवस करायला मिळालं.

उल्हासनगरच्या एका गाळ्यात भगवान नावाच्या वेल्डरने मला घडवलं. भारी चिकित्सक माणूस! शेवटची सळई जोडल्यावर त्याने स्वतःची करंगळी माझ्या प्रत्येक फटीत घालून पाहिली. एका ठिकाणी ती आत गेली, तर तेवढा भाग कापून पुन्हा जोडला. मग पिवळा रंग लावून मला अंबरनाथच्या कारखान्यात धाडलं. काय ऐटीत आले होते मी!

ऐट दोनच दिवस टिकली. मशीनवर बुवापाड्याची शालनताई डब्यांची झाकणं काढायची. मी मध्ये असले की पत्रा सरकवायला जरा उशीर होतो, माल कमी निघतो. तिसऱ्या दिवशी मालक भावेशशेठ म्हणाले, "महेंद्र, वो जाली निकाल दे. इन्स्पेक्शनला लावू." सुपरवायझर महेंद्रने मला काढून लोखंडी कपाटात ठेवलं. तेव्हापासून साहेब आले की मी बाहेर, साहेब गेले की मी आत. पाहुण्यांपुरत्या काढायच्या कपबशीसारखी माझी गत.

डबा खायला बायका माझ्या कपाटाला टेकून बसतात, म्हणून मला सगळं कळतं. गेल्या वर्षी शेजारच्या मशीनवर सुरुचीच्या बोटाचं पेर गेलं. शालनताई हबकली. महेंद्र तिच्याच वस्तीतला, एकाच विहारात जाणारा.

"दादा, जाळी लाव ना रे. रोज बोटं मोजून घरी जाते मी."

"शेठ ऐकत नाही गं ताई. पण दिल्लीवरून समिती येतेय. व्यापार-उद्योगाचं बघणारी, पार्लमेंटची. खासदार लोक असतात. तू डायरेक्ट त्यांनाच सांग. मी आहे ना बाजूला."

हाच शब्द त्याने रविवारी विहारात चार लोकांदेखत दिला. शालनताई कामाला लागली. खासदारांना मराठी कुठून कळणार? मग सुरुचीने तिला हिंदी वाक्य बसवून दिलं. "जाली म्हणजे खोटी. जाली नोट म्हणतात ना, तसं." आठवडाभर भाकरीचा घास हातात धरून शालनताई घोकत होती, "मॅडम, ये जाली है. आप गये कि निकालेंगे." महेंद्रलाही तिने ते दोनदा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "एक नंबर!"

समिती आली त्या दिवशी फरशी धुतली होती, मला नवा रंग होता. एक खासदार बाई शालनताईपाशी थांबल्या. चांगल्या होत्या हो, आपुलकीने विचारलं, "बहनजी, काम में कोई तकलीफ?"

शालनताईने माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, ये जाली है."

बाईंनी मला टकटक वाजवून पाहिलं. "हाँ, जाली है. बहुत बढ़िया."

"नहीं मॅडम, जाली है! जाली!"

मागचे लोक हसले. बाईंनी गोंधळून महेंद्रकडे पाहिलं. "क्या कह रही हैं?"

शालनताईनेही त्याच्याकडेच पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. पण भावेशशेठ त्याच्या मागेच उभे होते.

"सेफ्टी की जाली है बोलती है, मॅडम," महेंद्र हसून म्हणाला. "खुश है वो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या पुढे गेल्या. दुसरं वाक्य शालनताईच्या तोंडातच राहिलं. संध्याकाळी महेंद्रने मला काढलं. त्याचा राग आलाच, पण स्वतःची लाज त्याहून जास्त वाटली. खोटी साक्ष शेवटी माझीच होती.

दीड महिन्याने भरदुपारी प्रेस एकदम थांबला. किंकाळी ऐकू आली. धावपळ झाली, गाडी गेली. मग कपाट उघडलं. महेंद्रने मला बाहेर ओढलं. मशीनवर रक्त अजून ओलं होतं, त्यावरच त्याने मला बसवलं. तासाभराने चौकशीचे साहेब आले.

"जाळी तर आहे की," ते म्हणाले.

"बाईनेच काढली होती, साहेब. घाई करतात," महेंद्र म्हणाला.

ज्याला ती दादा म्हणायची त्याने हे म्हटलं. लोखंडाची असून मला ते सोसवलं नाही.

आता मी रोज मशीनवर असते. चौकशी संपेपर्यंत तरी असेन. तुम्ही कधी कारखाना पाहायला गेलात, तर कोऱ्या करकरीत जाळीवर भुलू नका. रोजच्या जाळीला तेल लागतं, खरचटतं, तिचा रंग उडतो. आणि कामाच्या बाईला एकटीला गाठून तिच्या भाषेत विचारा.

परवा शालनताई तिचा डबा आणि चपला न्यायला आली. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. तिच्या जागी आता महेंद्रची धाकटी बहीण प्रीती बसते. महेंद्र जवळच उभा होता. शालनताई त्याला ओलांडून सरळ मशीनपाशी आली. उजव्या हाताने डबा उचलून ती प्रीतीला म्हणाली, "ही जाळी काढायला सांगितली ना, तर उठून घरी जा, बाळा. भाऊ सांगत असला तरी."