कोरा पुठ्ठा

रोज तांबडं फुटलं की रतनबाई आधी ट्रॅक्टरखालचा पुठ्ठा ओढून बघायच्या, मग चुलीकडं वळायच्या. पोळा झाल्यापासून ही सवयच लागली होती. आधी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा काळा डाग असायचा, मग तो पापडाएवढा झाला, आणि आता दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा पुठ्ठा उचलला की ऑइल मनगटापर्यंत ओघळायचं.

ट्रॅक्टर पाडव्याला आणलेला, अजून वॉरंटीतला. केजच्या शोरूमनं दोनदा दुरुस्त करून दिला होता. दोन्ही वेळा विजयसिंह मेस्त्रींनी त्याचे मधून दोन भाग केले, इंजिन एकीकडं आणि मागची चाकं एकीकडं, आणि आतल्या दांड्याभोवतीचं बांगडीसारखं रबरी सील बदललं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस पुठ्ठा बरा राहिला आणि पुन्हा डाग पडला. आता मेस्त्री म्हणत होते, तो दांडा, म्हणजे क्रँकच वाकडा निघालाय. अख्खं इंजिन कंपनीकडं पाठवावं लागेल.

हे एकाच माणसाला पटलं नव्हतं, आणि ते माणूस रतनबाईंच्या घरातलंच होतं. त्यांची सून रोहिणी अंबाजोगाईला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक झाली होती. लग्न जमलं तेव्हा शेजारच्या साखराबाई म्हणाल्या होत्या, "सून आणली का मेस्त्री? भाकरी पान्यानं थापील आता." रतनबाई तेव्हाही हसल्या होत्या. सटवा, त्यांचा नवरा, ऊसतोडीला बैलगाडी जुंपायचा तेव्हा आखाला वंगण त्याच घालायच्या. काळे हात त्यांना कधी वाईट दिसले नाहीत.

पण शोरूमनं रोहिणीला नोकरी दिली ती कौंटरवर पावत्या लिहायची. वर्ष उलटलं, पाना काही हातात आला नाही. शेवटी घरच्याच ट्रॅक्टरवरनं तिनं विजयसिंहांना विचारलं, "मेस्त्री, कंपनीचे साहेब इंजिन बघायला यायच्या दिवशी सकाळचे दोन तास मला द्या. गळती कावून हाय ते मी सांगते."

मेस्त्री म्हणाले, "घ्या की मॅडम. पण एक ठरवू. बरोबर निघालात तर सील तुमीच बसवायचं, अन् तिथनं पुढं पाना तुमचा. चुकलात तर वर्कशॉपात पाय टाकायचा न्हाई. कौंटर बरा अन् तुमी बऱ्या."

रोहिणीनं हो म्हटलं.

त्या सकाळी जीवन, रतनबाईंचा मुलगा, ट्रॅक्टर घेऊन निघाला तर रतनबाई लुगडं बदलून आधीच मडगार्डवर चढून बसलेल्या.

"आई, तुजं काय काम हाय तिथं?"

"सुनेचा निकाल हाय आज. चल मुकाट्यानं."

वर्कशॉपात त्यांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. रोहिणीनं साडीवरून खाकी शर्ट चढवला, पदर खोचला आणि कामाला लागली. आधी इंजिन डिझेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं ठाक पुसलं. मग त्यावर लेकरांना लावतात ती पांढरी पावडर झटकली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. रतनबाईंना आपलं माहेर आठवलं. मोटेचं चामडं गळायला लागलं की त्यांचे वडील असेच राख फासून बसायचे. जिथं राख काळी पडेल तिथं टाका. साठ वर्षांपूर्वीची ती राख आणि ही पावडर, अक्कल एकच.

थोड्या वेळानं पावडरीवर काळी रेघ उमटली. इंजिन संपतं तिथं, अगदी तळाला. सीलच्याच जागी.

"घ्या," विजयसिंह म्हणाले. "मी काय दोन महिने भजन म्हणतोय का?"

"सील गळतंय ते दिसतंय, मेस्त्री. पण नवी कोरी दोन सीलं कावून टिकली न्हाईत?"

तेवढ्यात कंपनीचे इंजिनिअर सोमेश्वर आले. वयानं लहानच, पण हातात कागदांची चळत आणि चेहरा घाईचा. तेही कडेला उभं राहून बघू लागले. रोहिणीनं चालू इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण सैल केलं. भाताच्या पातेल्यावर झाकणी थडथडते तसं ते नाचायला लागलं.

"बगा, साहेब. आत हवा कोंडलीय. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असती, ब्रीदर. ती बंद आसंल तर हवा आतनं ऑइल ढकलती, अन् सगळ्यात नाजूक जागेतनं ते बाहेर पडतं. मग सील नवं आसू का जुनं." तिनं इंजिन बंद करायला सांगितलं आणि बाजूनं खाली लोंबणारी काळी रबरी नळी धरली.

ती नळी बघितली आणि रतनबाईंना पोळा आठवला.

यंदा त्यांच्या घरी बैलाविना पहिला पोळा होता. पाखऱ्या आणि हरण्या गेल्या वर्षीच विकले. मोकळी दावण बघवेना म्हणून रतनबाईंनी ट्रॅक्टरलाच गेरू लावला, बेगड चिकटवला, पाखऱ्याची घुंगुरमाळ बांधली. मारुतीला फेरी घालायला म्हणून जीवननं इंजिन चालू ठेवलं होतं. ओवाळताना त्यांच्या मनगटावर उबदार श्वास आला. वाकून बघितलं तर ती नळी. अगदी पाखऱ्याच्या नाकपुडीसारखी फुरफुरत होती. पोळ्याचा नैवेद्य नुसता दाखवून माघारी नेत नाहीत, बैलाच्या तोंडात घालतात. जीवन इंजिन बंद करून टोपी आणायला आत गेला, तेवढ्यात रतनबाईंनी पुरणाचा घास केला आणि नळीत दोन बोटं आत सारला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंच वाटलं नव्हतं.

रोहिणीनं नळी काढली आणि फरशीवर आपटली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तपकिरी, दगडासारखा कडक गोळा घरंगळत मेस्त्रींच्या पायाशी गेला. त्यांनी पायानंच उलटापालटा केला.

"कुंभारमाशी," ते म्हणाले. "मातीचं घर केलंय. तसल्या माशीला चार दिवस पुरतात. हे आत्ताचं हाय, साहेब. गळती पोळ्यापासनंची हाय. तवा क्रँकच बाद. इंजिन पाठवा."

रोहिणीनं गोळा उचलला. नखानं खरवडला. नाकाशी नेला. आणि तिची नजर एकदाच, अगदी क्षणभर, सासूकडं वळली. ह्या घरात पुरणात सुंठ जरा जास्तच पडते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मॅडम," सोमेश्वर म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण नळी नेमकी कधीपासून बंद आहे ते कळायला हवं. पोळ्यापासून बंद असेल तर तुमचं निदान खरं. चार दिवसांची असेल तर मेस्त्रींचं. सांगता येईल?"

रोहिणीनं गोळा मुठीत धरला. "न्हाई सांगता येत, साहेब," ती म्हणाली.

रतनबाईंना सगळं कळलं. पोरगी कौंटर पत्करत होती. वर्षभर ज्या पान्याची वाट बघितली तो सोडून देत होती, चार गडी माणसांत म्हातारीचं हसं होऊ नये म्हणून. असली सून, आणि तिला पावत्या लिहायला लावतात. त्या खुर्चीवरून उठल्या.

"मेस्त्री, तुमची कुंभारमाशी सुंठ घालती का?"

"काय म्हणता, मावशी?"

"वास घ्या. पुरण हाय ते. पोळ्याला म्या चारलंय त्याला, ह्या दोन बोटांनी. त्याच सांजंला पुठ्ठ्यावर पहिला डाग पडला. आता बोला, नळी कधीपासनं बंद हाय?"

जीवननं कपाळाला हात लावला. सोमेश्वरांनी गोळा घेतला, कागदावर ठेवून पान्याच्या टोकानं फोडला. आत हरभऱ्याच्या डाळीचं एक टरफल निघालं. ते आधी गालात हसले, मग मोठ्यानं.

"बारा वर्षं झाली ह्या धंद्यात," विजयसिंह म्हणाले. "ट्रॅक्टरला अपचन झालेलं पहिल्यांदा बघतोय."

"हसा," रतनबाई म्हणाल्या. "बैलांनी ह्याच हातचं खाल्लं अन् चाळीस वर्षं नांगर वढला. ह्याला पचलं न्हाई तर म्या काय करू?"

सोमेश्वर गंभीर झाले. "आजी, इंजिनात दोष नाही, हे चांगलं झालं. पण ग्राहकाच्या हातून जे झालं ते वॉरंटीत बसत नाही. दाबानं हे सील गेलंय, आता नवं तुम्हाला पदरच्या पैशानं टाकावं लागेल."

"न्हाई बसत तर न्हाई. माजी चूक हाय, मला कबूल. पण तुमच्या कागदावर एक लिवा. गळती कुणी काढली त्ये. नाव रोहिणी जीवन, असं."

सोमेश्वरांनी लिहिलं. रतनबाईंनी जीवनकडून ते वाचून घेतलं, मगच खुर्चीत बसल्या.

विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस तापट असला तरी शब्दाचा होता. भिंतीवरचा मोठा पाना काढून त्यांनी रोहिणीपुढं धरला. "घ्या, वहिनी. दोनदा म्या खोलला, आता तुमी खोला. मी बॅटरी धरतो." त्या दिवसापासून त्यांनी तिला 'मॅडम' म्हणणं सोडलं.

सील बसवायला दोन दिवस गेले. रतनबाई दोन्ही दिवस डबा घेऊन केजला आल्या. सुनेचे हात कोपरापर्यंत काळे झालेले, म्हणून दुपारी घास भरवायला बसल्या.

"आत्याबाई, पुढच्या पोळ्याला नैवेद्य बोनेटवर ठेवा," रोहिणी तोंडातला घास गिळत म्हणाली. "खायचं काम मी करते."

"सुंठ लई होती का गं?"

"लई."

ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी रतनबाईंनी नवा पुठ्ठा घातला. पहिल्या दिवशी बघितला, दहाव्या दिवशी बघितला. दिवाळी झाली, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढून धारूरचा घाट पंधरा वेळा चढून झाला, तरी पुठ्ठ्यावर ठिपका नाही. तेव्हा मात्र त्यांनी तो काढून घेतला आणि दारातच भिंतीला खिळा ठोकून अडकवला.

साखराबाई विरजण मागायला आल्या आणि त्या पुठ्ठ्यापुढं थांबल्या. आधी जवळून बघितलं, मग मान तिरकी करून.

"रतनबाई, ह्यो काय लावलाय? ह्याच्यावर तर काईच न्हाई."

"नीट बग."

"बगितलं की. कोरा हाय."

"माज्या सुनेचं काम हाय ते," रतनबाई म्हणाल्या, आणि विरजण आणायला आत गेल्या.