ताईला लिहिलेली जाहिरात

"सकाळपासून फोन खाली ठेवायला फुरसत नाही," सर म्हणाले आणि छापील पत्रक त्यांनी कविराजाच्या टेबलावर आपटलं. "ही ओळ! कुठून सुचतं रे तुला असलं?"

कविराज हे काही त्याचं नाव नव्हे. कॉलेजात असताना याने कविता केल्या होत्या, हे कुणाला तरी कळलं आणि शिपायापासून सरांपर्यंत सगळा क्लास त्याला तेच म्हणू लागला. कविता केव्हाच सुटल्या होत्या. आता तो क्लासच्या जाहिराती लिहायचा, आणि झकास लिहायचा.

ओळ अशी होती: 'मुलगी "बघू" म्हणते. तोपर्यंत बाकीच्यांच्या मुली पुढे गेलेल्या असतात.'

"सुचतं," तो म्हणाला.

सुचत-बिचत काही नव्हतं. त्याची एक पद्धत होती. बाकीचे जाहिरातवाले हजार पालकांसाठी लिहितात आणि ते एकाच्याही मनाला भिडत नाही. हा फक्त एका बाईला लिहायचा, आपल्या थोरल्या बहिणीला. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. कागद पुढे ओढला की ती समोर बसलेली दिसायची, पर्स मांडीवर घट्ट धरून. मग कशाने धडकी भरेल आणि कशाने हायसं वाटेल, हे त्याला वेगळं शोधावं लागत नसे. ही ओळ तर तिचीच होती. मध्यंतरी ती फोनवर लेकीबद्दल कुरकुरत होती. त्याने 'हं, हं' करत ऐकलं आणि फोन ठेवल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. ताईचं नाव थोडंच छापायचं होतं!

गंमत अशी, की इतकी वर्षं ताईला लिहूनही ते ताईच्या हाती पडेल, असं या शहाण्याला कधी वाटलं नाही.

दुपारी ती आली. हातात पत्रक, मागे भाची. भाऊ या क्लासात कामाला आहे एवढंच तिला ठाऊक होतं; जाहिराती तोच लिहितो, हे नव्हे.

"वाचलं आणि चपापलेच रे," ताई म्हणाली. "वाटलं, आपल्या घरात डोकावून लिहिलंय कुणीतरी. हिचं नाव घालायला आलेय."

भाचीने मामाकडे पाहिलं. शाळा सुटली की ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायला जायची. काठावरच भोकाड पसरणारी पोरं तिच्या गळ्याला मिठी मारून पाण्यात उतरत. तिला पुढेही तेच करायचं होतं. 'मामा, आईला तू समजाव ना,' म्हणून तिने त्याला गळ घातली होती. तो 'बोलतो' म्हणाला होता आणि मग राहूनच गेलं होतं.

त्याने ताईला जिन्यापाशी नेलं.

"ताई, इथे नको घालूस हिला."

"का रे?"

"हिच्याएवढे मार्क असणाऱ्यांना वरच्या मजल्यावर बसवतात. तिथे सर फिरकतसुद्धा नाहीत. कुणीतरी येतं, नोट्स वाटतं आणि जातं. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत नुसतं बसायचं. पोरीचं पोहणं जाईल आणि हाती काही लागणार नाही."

"पण यात लिहिलंय..."

"ते मी लिहिलंय. पोटासाठी लिहितो. त्या दिवशी तू फोनवर बोललीस ना, तेच उचललं."

आता ती भडकेल असं त्याला वाटलं. भडकावी, अशी त्याची इच्छाच होती. ताईने पत्रक पुन्हा उघडून वाचलं. तिचे डोळे भरून आले.

"तरीच," ती म्हणाली. "म्हटलं, इतकं कोण ओळखतं आपल्याला."

"अगं, खोटं आहे ते!"

"खोटं कसं असेल? तू माझ्या तोंडावर कधी कडू बोलला नाहीस. लहानपणापासून तसाच तू. आत्तासुद्धा मला बरं वाटावं म्हणून 'नको' म्हणतोयस. मनातलं होतं ते इथे लिहिलंस."

"नाही गं ताई..."

"पोर मागे पडतेय हे तुला दिसत होतं. सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिलंस. रागावले नाही मी. बरं केलंस."

तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. वरच्या मजल्याचं सांगितलं, नोट्सचं सांगितलं, शेवटी हातही जोडले. ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशा माणसांना त्याचं एक वाक्य इथवर ओढून आणायचं. सख्ख्या बहिणीला परत पाठवायला मात्र त्याच्यापाशी वाक्य नव्हतं. त्याचा आवाज चढला तसे सर केबिनबाहेर आले.

"या कविराजांच्या ताई का? अरे, आधी नाही का सांगायचं! घरचीच मुलगी की!"

"हे माझ्या भावानेच लिहिलंय," ताई पत्रक दाखवत म्हणाली. तिच्या आवाजात इतका अभिमान होता, की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाव घालून झालं. भाचीला क्लासची दप्तरपिशवी मिळाली. पिशवी खांद्याला लावताना ती हळूच म्हणाली, "मामा, तलावावर तू जाऊन सांगशील? माझ्याने नाही सांगवणार."

संध्याकाळी तो गेला. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या प्रशिक्षकाला त्याने भाचीचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "ती येणार नाही."

"आज?"

"आता येणारच नाही."

"का हो? बरी आहे ना?"

"बरी आहे. क्लास लावलाय."

प्रशिक्षकाने मान हलवली आणि शिट्टी वाजवली. पोरं धपाधप पाण्यात पडली. एक चिमुरडी तेवढी काठावर बसून राहिली होती. ती त्याच्या पलीकडे, फाटकाकडे बघत होती.

"टीचर मागून येतायत?" तिने विचारलं.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

तिने जरा वेळ वाट पाहिली. मग गॉगल कपाळावर चढवला आणि पाण्यातले पाय एकेक करून वर घेतले.