दिवा न लागलेला निरोप

"अलार्म कोणी बंद केला?"

वनमालाताईंनी खांद्यावरची पर्ससुद्धा अजून काढली नव्हती. रिसेप्शनच्या मागे टेलिफोन एक्स्चेंजचं कपाट होतं आणि त्याच्यावरचा पिवळा दिवा स्थिर जळत होता. लुकलुकत असता तर अलार्मला कुणी हात लावलेला नाही, एवढं तरी कळलं असतं. स्थिर जळतोय म्हणजे बिघाड आहे तिथेच आहे, फक्त त्याचं तोंड दाबलंय.

"ताई, ते मीच दाबून दिलं," राजवर्धन म्हणाला. रिसेप्शनचं सगळं तोच बघायचा. "प्रार्थना सुरू झाली होती ना, आणि हा नुसता पीं-पीं! पेशंट लोग वळून वळून बघायला लागले. मग दाबून दिलं. नंतर भूलच गेलो."

सिटी सेंटर भागातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात रोज ओपीडी उघडण्याआधी सगळ्या मजल्यांवर प्रार्थना लागते. सफाईवाला झाडू बाजूला ठेवतो, डॉक्टर जिन्यात असले तर जिन्यातच हात जोडून उभे राहतात. अशा वेळी एका कपाटाने किंचाळत राहावं, हे कुणाला बरं वाटेल? दुसरा कुणी असता तरी त्यानं हेच केलं असतं. वनमाला महाडिकांनी मात्र केलं नसतं. सगळा दवाखाना त्यांच्यावर वैतागायचा तो याच एका गोष्टीपायी. कारण कळल्याशिवाय बाई अलार्म गप्प करू द्यायच्या नाहीत. "ओरडू दे त्याला, हौस म्हणून ओरडत नाहीये तो," असं म्हणायच्या आणि शांतपणे स्क्रूड्रायव्हर शोधायच्या. पूर्वी त्या इथेच ऑपरेटर होत्या. निरोप रेकॉर्ड करून ठेवणारा व्हॉइसमेल आला आणि ऑपरेटरची खुर्ची गेली, तेव्हा बाई ते यंत्रच सांभाळायला शिकल्या. दुसरं कुणी रुसून घरी बसलं असतं हो!

त्यांनी स्क्रीन उघडला. एक्स्चेंज आणि व्हॉइसमेल यांच्यातली जोडणी रात्रीच तुटली होती. आवाजाची तार वेगळी असल्याने फोन येत होते, निरोप रेकॉर्डही होत होते, पण निरोप आलाय हे सांगणारा फोनवरचा लाल दिवा दवाखानाभर कुठेच लागत नव्हता.

मागची केबल बघायला त्या वाकल्या आणि तशाच सरळ झाल्या. केबल नंतर. रात्रीचे फोन सगळ्यात जास्त कुठे येतात? नेत्रपेढीत. गुडघे कुरकुरत होते, तरी लिफ्टची वाट न बघता त्या जिना चढल्या.

नेत्रपेढीची समुपदेशक हर्षिता चहा पीत बसली होती. "आज एकदम शांती आहे ताई. एकही निरोप नाही. हा बघा ना, दिवा बंद आहे."

"दिव्यावर जाऊ नकोस. नंबर फिरव, पासवर्ड टाक आणि ऐक."

"पण दिवा तर..."

"हर्षिता, ऐक म्हटलं ना!"

हर्षिताने स्पीकर लावला. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश बोलणारा आवाज आला.

"नमस्कार. मी माधवराव बोलतोय, दर्पण कॉलनीतून. आमची अनसूया आत्ता पहाटे गेली. तिचे डोळे द्यायचे आहेत, तिची तशी फार इच्छा होती." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "बरं. मी वाट बघतो मग. फाटक उघडं ठेवतो."

आणि फोन ठेवल्याचा आवाज.

हर्षिताचा चेहरा उतरला. "घर नंबर नाही, फोन नंबर नाही! ताई, सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. निम्म्याहून जास्त वेळ तर गेला. दर्पण कॉलनीत कुठे कुठे विचारत फिरू?"

फोन करणाऱ्याचा नंबर त्या तुटलेल्या जोडणीवरूनच यायचा, म्हणून व्हॉइसमेलमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. पण एक्स्चेंज आपल्याकडे आलेल्या फोनची नोंद वेगळी ठेवतं. "तू गाडी काढायला सांग," असं म्हणत वनमालाताई खाली धावल्या. होय, धावल्याच. आणि बघतात तर काय, दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळेनात! निरोपाच्या वेळेच्या आसपास दोन नंबर होते. पहिला लावला. कुणीतरी झोपेतून उठून विचारलं, "चश्मे का नंबर आज निकलेगा क्या?" त्यांनी दुसरा लावला.

पलीकडे माणसांची गडबड होती. कुणीतरी म्हणत होतं, "काका, अब और कितना रुकेंगे? तयारी झाली आहे सगळी."

"हॅलो," तोच सावकाश आवाज आला.

"माधवरावकाका, मी नेत्रपेढीतून बोलतेय."

"आलात का? तुम्हीच ना, पहाटेच्या बाई? आवाज ओळखला मी." म्हातारा फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाला, "बघ, आला की नाही फोन?" मग परत, "हे सगळे म्हणत होते, कुणी येत नाही, उचलू या आता. मी म्हटलं, बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलंय. मधे एक शब्द बोलल्या नाहीत. त्या येणार म्हणजे येणार."

पहाटेच्या बाई कोण, ते वनमालाताईंच्या लक्षात आलं. व्हॉइसमेल नवा होता तेव्हा फोन करणाऱ्याला ऐकू येणारी सूचना त्यांच्याच आवाजात भरली होती. हिंदीत आणि मराठीत, गोड आवाजात: नमस्कार, बोला, मी ऐकते आहे. पहाटे त्या गाढ झोपेत होत्या.

यंत्र बिघडलं होतं, असं म्हणता आलं असतं. शेजारी राजवर्धन उभा होता, त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्याचं नाव घेता आलं असतं.

"हो काका, मीच," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, चूक आमची आहे. गाडी निघते आहे. घर नंबर सांगा. पंखा बंद आहे ना? वाऱ्याने डोळे सुकतात."

"बंद आहे. पापण्यांवर ओला कापूसही ठेवलाय. हिनंच सांगून ठेवलं होतं सगळं."

काय म्हणावं अशा बाईला, आणि अशा नवऱ्याला!

गाडी परत आली तेव्हा हर्षिता धावतच आली. "दोन्ही मिळाले, ताई. वेळेत." मग हळूच म्हणाली, "काका फाटकातच उभे होते."

केबल तोवर बदलून झाली होती, सगळीकडचे लाल दिवे लागले होते. राजवर्धन समोर येऊन उभा राहिला.

"प्रार्थनेत आवाज नको, हे मलाही पटतं," वनमालाताई म्हणाल्या. "दाब तू खुशाल. पण दाबलास की त्याच क्षणी मला फोन कर. मी अंघोळीत असले तरी कर."

मग त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि सूचना नव्याने भरायला बसल्या. "नमस्कार. हा रेकॉर्ड केलेला आवाज आहे. मी आत्ता इथे नाही..." एवढ्यावरच त्या थांबल्या. रेकॉर्डिंग पुसलं. परत सुरू केलं, परत तिथेच अडकलं. बाहेर राजवर्धन दाराला पाठ लावून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होता. पाणी पिऊन ताईंनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी आवाज सरळ आला.

"मी आत्ता इथे नाही. तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर सांगा. आणि आमचा फोन आला नाही, तर तुम्ही पुन्हा करा. वाट बघत बसू नका."