कौशल्याचे निरोप

नागपुरातल्या गोळीबार चौकामागच्या गल्लीत महादेवरावांचा हातमाग होता. मागाला सुताच्या कांड्या लागत आणि त्या चरख्यावर भरायला घरात माणसं दोनच, बायको वच्छलाबाई आणि चौथीतली पोर कौशल्या. वीस कांड्या झाल्याशिवाय दप्तराला हात लावायचा नाही, हा वच्छलाबाईचा कायदा. दहाच्या घंटेला वर्गात नसेल त्याने दाराबाहेर उभं राहायचं, हा शाळेतल्या पुष्पलताबाईंचा कायदा. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, तरी भांडण जोरात चालू होतं, आणि वच्छलाबाईला चिठ्ठी वाचता येत नसल्यामुळे ते सगळं कौशल्याच्या तोंडून चालायचं.

एका सोमवारी बाईंनी निर्वाणीचा निरोप दिला. "आईला सांग, पोरीला शिकवायचं नसेल तर शुक्रवारी येऊन नाव काढून न्या."

कौशल्याला शाळा जिवापाड आवडे. आणि माय अशी, की हा निरोप जसाच्या तसा पोचला तर शुक्रवारची वाटही पाहायची नाही. घरापर्यंतच्या वाटेत पोरीने डोकं चालवलं.

"माय, बाई म्हणते, तुमच्या घरच्या लुगड्यासारखा काठ साऱ्या नागपुरात नाही."

वच्छलाबाईचा चरखा थांबला. "तिनं कुठी पाह्यला वं?"

"तिच्या बहिणीनं घेतलं ना लुगडं."

वच्छलाबाई सुखावली, पण हरली नाही. "मंग तिले सांग, काठ काही फुकट नाही होत. एक दिवस येऊन कांड्या भर म्हणा, अन् मंग उशिराचं बोल."

दुसऱ्या दिवशी कौशल्या दाराबाहेरूनच म्हणाली, "बाई, मायनं तुम्हाले शुक्रवारी चहाले बोलावलं. तुम्हाले पाहाची तिले भल्ली हौस आहे."

बारा वर्षांच्या नोकरीत बाईंना कुणी घरी बोलावलं नव्हतं. त्या नाही म्हणतील अशी कौशल्याची खात्री होती. बाई हो म्हणाल्या. आता आली का पंचाईत! घरी जाऊन तिने सांगून टाकलं, "बाई शुक्रवारी कांड्या भराले येते."

शुक्रवारी बाई कडक इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवीत काटोलची संत्री घेऊन आल्या. वच्छलाबाईने त्यांना थेट चरख्यापुढच्या पाटावर बसवलं. विणकरांकडे पाहुण्यांची हीच रीत असावी असं समजून बाईंनी पदर खोचला.

सूत तुटलं.

"पुन्हा करा," वच्छलाबाई म्हणाली.

पुन्हा तुटलं.

"ध्यान कुठी आहे तुमचं?"

अगदी हेच बाई रोज वर्गात विचारत. कोपऱ्यात कौशल्याने तोंडात फ्रॉकचा बोळा कोंबला. तासाभरात बाईंच्या तीन कांड्या झाल्या, त्यातल्याही दोन ढिल्या. त्यांनी आपली लाल झालेली बोटं पाहिली.

"रोज वीस भरते ही?"

"वीस. शाळेच्या आधी."

पोरीला इतके दिवस दाराबाहेर उभं केल्याचं बाईंना फार वाईट वाटलं. "बरं झालं तुम्ही चहाला बोलावलंत. नाहीतर मला कधी कळलंच नसतं."

"चहाले? मी कुठी बोलावलं? तुम्हीच त म्हणाल्या, असा काठ नागपुरात नाही."

"मी? मी तर नाव काढून न्यायला सांगितलं होतं."

मागाची खटखट बंद पडली. महादेवराव मान वर करून बघू लागले. दोघी बायका एकदमच वळल्या आणि कौशल्याचा एकेक कान दोघींनी वाटून घेतला.

"बाई," वच्छलाबाई म्हणाली, "हे पोरगी घरी ठेवली त साऱ्या गल्लीत भांडणं लावते. तुमच्याच नजरेखाली राहू द्या. दहाच्या आधी धाडतो."

"आणि कांड्या?"

"सांजीले भरंल."

"मी पण येत जाईन शुक्रवारी. मला अजून घट्ट भरता येत नाही."

"तुमचं सूत भिजलं नव्हतं म्हणून तुटलं," वच्छलाबाई म्हणाली आणि हसली. मग सुताचं निघालं, बहिणीच्या लुगड्याचं निघालं, कुणाची पोर कशी हुशार त्याचंही निघालं. दोघी कौशल्याच्या डोक्यावरून बोलत राहिल्या आणि कान सोडायचं साफ विसरल्या.